थंडीला न बधणारी अंडी

२१ डिसेंबर २०२४ च्या पहाटे श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंश सेल्सिअसपर्यंत घसरला. डिसेंबरमध्ये एवढी थंडी तिथे जवळजवळ पन्नास वर्षांत पडली नव्हती. काश्मीरच्या हिवाळ्यातला सर्वांत कडक असा चाळीस दिवसांचा काळ, ‘चिल्लई कलां’, नेमका त्याच दिवशी सुरू होतो. दल सरोवराच्या कडेचं पाणी गोठलं, घरोघरचे नळ गोठले. शोपियां, पुलवामा, बारामुल्लाच्या सफरचंदाच्या बागा पानं झडून उघड्याबोडक्या उभ्या होत्या. अशा थंडीत बागेतली कीड मरून जात असेल, असं कुणालाही वाटेल. शेतकऱ्यांमध्ये हा समज दूरदूरच्या मुलखांत आढळतो: हिवाळा कडक गेला, की पुढच्या हंगामात कीड कमी.

काही किडींच्या बाबतीत तो खराही ठरतो. पण ज्या किडी अंड्याच्या रूपात हिवाळा काढतात, त्यांच्या बाबतीत त्यावर विसंबून राहणं महागात पडतं.

सफरचंदाची एखादी डहाळी हिवाळ्यात भिंगाखाली धरली, की हे लक्षात येतं. डोळ्याच्या (न उमललेल्या अंकुराच्या) बुडाशी, आखूड फळफांद्यांच्या सुरकुत्यांत आणि डहाळीच्या खालच्या अंगाला विटकरी लाल ठिपके दाटीने बसलेले दिसतात. दाटी फार असेल तर भिंगाचीही गरज पडत नाही, साल लालसर दिसू लागते. ही लाल कोळ्याची अंडी. काटेकोर बोलायचं तर कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. पण बागायतदाराच्या लेखी तो किडीतच मोडतो, आणि हिवाळा काढण्याची त्याची रीत कीटकांसारखीच आहे. कोवळ्या फांद्यांवर मोहरीहूनही लहान, लांबट, काळीभोर चकचकीत अंडी दिसली तर ती माव्याची. आणि हिमाचलच्या बागांत बारीक फांदीभोवती अंगठीसारखं कडं बसलेलं आढळलं, तर ती तंबू अळीच्या पतंगाची अंडी, शेकड्यांनी एकमेकांना चिकटलेली.

या अंड्यांवर ना बर्फाचं पांघरूण असतं, ना मातीची ऊब. उघड्या फांदीवर, वाऱ्यात, ती नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बसून असतात. माव्याच्या कित्येक जातींची अंडी उणे ३५ अंशांच्याही खाली गेल्यावरच गोठतात, हे प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा मोजलं गेलं आहे. त्या हिशेबाने श्रीनगरची ती कडाक्याची पहाट अंड्याला काहीच जड गेली नसणार.

हे जमतं कसं, हे समजून घ्यायला आधी पाण्याकडे पाहावं लागतं. पाणी शून्य अंशाला गोठतं असं शाळेत शिकवलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. शून्य अंशाला बर्फ वितळतो, हे नक्की. पाण्याचा बर्फ होण्यासाठी मात्र कुठेतरी पहिला कण तयार व्हावा लागतो, ज्याभोवती बाकीचे रेणू रचले जातील. दुधाला विरजण लागलं तरच त्याचं दही होतं, तसंच हे. धुळीचा कण, काही विशिष्ट जिवाणू, बर्फाचाच एखादा स्फटिक हे पाण्याचं विरजण. ते मिळालं नाही, तर पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊनही पाणीच राहतं. अगदी शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहू शकतात.

थेंब जितका लहान, तितकी त्यात असा पहिला कण तयार होण्याची शक्यता कमी. आणि किडीचं अंडं म्हणजे फारच लहान थेंब. माव्याचं अंडं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, लाल कोळ्याचं त्याहूनही कितीतरी बारीक. त्यात अंड्याला एक मोठी सवलत आहे: ते काही खात नाही. कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या लेथब्रिज इथे रेजिनाल्ड सॉल्ट या शास्त्रज्ञाने कीटक आणि गोठणं यांचा अभ्यास अनेक वर्षं केला. पोटात अन्न असलेला कीटक लवकर गोठतो, कारण अन्नाबरोबर बर्फ जमवणारे कण पोटात जातात, हे त्याच्या आणि त्याच्यानंतरच्या संशोधकांच्या कामातून स्पष्ट झालं. थंडी टाळण्यासाठी अळीला आधी पोट रिकामं करावं लागतं. अंड्याचं पोट मुळातच रिकामं.

पण केवळ लहान आकारावर भागत नाही. उन्हाळ्यात घातलेली अंडीही लहानच असतात, तरी ती हिवाळ्यात टिकत नाहीत. हिवाळी अंड्यात आणखी काहीतरी भरलेलं असतं. १९५० च्या दशकात एकामागून एक संशोधकांना कीटकांच्या शरीरात ग्लिसरॉल सापडू लागलं. थंडीत फुटलेल्या टाचांना आणि ओठांना घरोघरी जे ग्लिसरीन लावतात, तेच हे. १९६९ मध्ये नॉर्वेच्या लॉरिट्झ सोम्मे यांनी हिवाळ्यातल्या माव्याच्या अंड्यांत ग्लिसरॉल आणि त्याच्या जोडीला मॅनिटॉल हे साखरेच्या नात्यातलं द्रव्य असल्याचं दाखवलं. पाण्यात अशी द्रव्यं विरघळली की गोठणबिंदू खाली जातो. शिवाय ती प्रथिनांचा आणि पेशींच्या पडद्यांचा आकार थंडीत बिघडू देत नाहीत. म्हणजे एकाच द्रव्याकडून दोन कामं होतात.

हे द्रव्य येतं कुठून, याचं सर्वांत सुरेख उत्तर बागेतून आलं नाही, ते रेशीम उद्योगातून आलं. जपानचे हारुओ चिनो यांनी १९५७ च्या सुमारास रेशमाच्या पतंगाची अंडी तपासली. मादीने अंड्यात भरून दिलेली शिदोरी ग्लायकोजेनच्या रूपात असते. अंडं हिवाळी झोपेत शिरलं, की या ग्लायकोजेनचं रूपांतर सॉर्बिटॉल आणि ग्लिसरॉल यांत होतं. काही महिने थंडी मिळाली, झोप उतरली, की सॉर्बिटॉलचं पुन्हा ग्लायकोजेन होतं आणि तेच भ्रूणाच्या वाढीला खर्ची पडतं. शिदोरी तीच. हिवाळ्यात तिचं चिलखत होतं आणि वसंतात तिचंच अन्न. इतका काटकसरीचा कारभार सजीवसृष्टीतही क्वचितच पाहायला मिळतो.

कवचाचं कामही मोलाचं आहे. बाहेर फांदीवर दव गोठतं, बर्फाचे स्फटिक थेट अंड्याला टेकतात. त्यातला एखादा आत शिरला, की आतलं सगळं पाणी क्षणात गोठणार. कवचातला मेणाचा थर त्याला अडवतो. तोच थर आतलं पाणी सुकूही देत नाही, आणि हिवाळ्यातली कोरडी हवा ही थंडीइतकीच घातक असते. लाल कोळ्याच्या हिवाळी अंड्याचं मेणाचं आवरण अतिशय नेटकं असतं. तंबू अळीच्या पतंगाची मादी त्याही पुढे जाते. अंड्यांच्या कड्यावर ती एक फेस पसरते, तो वाळून कडक, चकाकता थर होतो. त्या कड्यातलं गूढ वेगळंच आहे. उत्तर अमेरिकेतल्या तंबू अळीच्या अंड्यांत घातल्यापासून काही आठवड्यांतच पूर्ण वाढलेली इवली अळी तयार असते. म्हणजे उन्हाळ्यातच अळी तयार होते, आणि मग कवचाच्या आत गुंडाळून बसून ती पुढचे आठ-नऊ महिने बाहेर येत नाही.

ही सारी तयारी थंडी पडल्यावर सुरू केली असती, तर फार उशीर झाला असता. तिची सुरुवात उन्हाळा ऐन भरात असतानाच होते, आणि ती करते आई.

याचा पहिला पुरावा स्ट्रॉबेरीच्या रोपांवर मिळाला. अमेरिकेत टेनेसी इथे सायमन मार्कोविच स्ट्रॉबेरीच्या मुळांवरच्या माव्याचा अभ्यास करत होते. मावा उन्हाळाभर नराशिवायच वाढतो. मादी थेट पिल्लं देते, त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिल्लं आधीच वाढत असतात, आणि म्हणूनच मावा बघता बघता पसरतो. शरद ऋतूत मात्र अचानक नर-मादी निपजतात, त्यांचा संग होतो आणि मादी अंडी घालते. हे कशामुळे होतं? थंडीमुळे, अशी सर्वांची समजूत होती. मार्कोविच यांनी १९२३ मध्ये दाखवून दिलं, की रोपं झाकून दिवस कृत्रिमरीत्या लहान केला, तर वसंतातही नर-मादी जन्माला येतात. दिवसाच्या लांबीवर प्राण्यांचा जीवनक्रम चालतो, हे कळण्याची ती सुरुवात होती. वनस्पतींच्या बाबतीत तसाच शोध लागून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

लाल कोळ्याचं हेच गणित केंब्रिजच्या ए. डी. लीस यांनी १९५० च्या दशकात उलगडलं. दिवस मोठा असेल तर वाढणारी मादी उन्हाळी अंडी घालते, ती काही दिवसांत फुटतात. दिवस साधारण चौदा तासांच्या खाली आला, की तीच जात हिवाळी अंडी घालू लागते: गडद लाल, जाड कवचाची, आणि थंडीतून गेल्याशिवाय न फुटणारी. तापमान आणि पानांचा कस यांचाही त्यात वाटा असतो. पानं कोळ्यांनीच शोषून तांबूस करून टाकली असतील, तर हिवाळी अंडी लवकर घातली जातात. पण मुख्य इशारा उजेडाचाच. तापमान फसवतं, दिवसाची लांबी फसवत नाही. बागेत फळं अजून रंग धरत असतात, माणसं उकाड्याने हैराण असतात, आणि कोळ्याची मादी फांदीच्या सुरकुतीत जानेवारीची तजवीज करत असते.

महाराष्ट्रात गोठवणारा हिवाळा नाही, पण हीच युक्ती इथेही चालते. फक्त ऋतू बदलतो. भाताच्या खाचरांत नाकतोड्याची मादी पावसाळ्याच्या शेवटी बांधाच्या मातीत अंडी घालते. ती हिवाळा, उन्हाळा, वैशाखातली तापलेली माती सारं काही सोसून जूनच्या पावसानंतर फुटतात. म्हणूनच उन्हाळ्यात बांध छाटायचा सल्ला दिला जातो, अंडी उघडी पडून उन्हाने आणि पक्ष्यांनी संपावीत यासाठी. उत्तर भारतात आंब्यावरच्या पिठ्या ढेकणाची अंडीही झाडाखालच्या मातीत उन्हाळा-पावसाळा काढून डिसेंबरच्या सुमारास फुटतात, आणि पिल्लं खोडावर चढू नयेत म्हणून बागायतदार खोडाला प्लास्टिकचा पट्टा बांधतात.

मग थंडीने अंडी मरतच नाहीत का? मरतात, पण तेवढी थंडी असावी लागते. फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाला बर्चची जंगलं एका पतंगाच्या अळ्या अधूनमधून पार ओरबाडून टाकतात. अशा वर्षी डोंगरउतारावरची झाडं तपकिरी होतात आणि दरीच्या तळाशी मात्र हिरवे पट्टे शिल्लक राहतात. कारण जड, थंड हवा रात्री दरीत उतरून साचते. तिथे पारा उणे ३६ अंशांच्या आसपास गेला, की अंडी मरतात. उतारावर काही अंश ऊब अधिक, आणि तेवढ्याने ती वाचतात. पतंग एकच, रात्र एकच, फरक फक्त जागेच्या उंचीचा.

स्पंजी मॉथ या पतंगाच्या गोष्टीत बर्फच किडीच्या बाजूने उभा राहतो. हा युरोपातला पतंग १८६० च्या दशकाच्या अखेरीस एका हौशी माणसाने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडफर्ड गावी आणला, तिथून तो निसटला आणि ओक, सफरचंद अशा शेकडो जातींच्या झाडांवर पसरला. त्याची मादी आपल्या अंगावरचे केस चिकटवून अंड्यांवर मऊ आवरण घालते. उणे २९ अंशांच्या आसपास ही अंडी मरू लागतात. पण बरीच अंडी खोडाच्या बुंध्याशी किंवा दगडांखाली असतात. त्यांच्यावर बर्फ पडला, की खालचं तापमान शून्याजवळ टिकून राहतं आणि वरची हवा कितीही गोठवणारी असो, ती सुखरूप राहतात. भरपूर हिमवर्षाव झाला म्हणून आनंदून जाणाऱ्या बागायतदाराने हे ध्यानात ठेवलेलं बरं. बर्फामुळे झाडाला पाणी मिळतं, त्याचा उपयोग मोठाच आहे. पण बुंध्याशी लपलेल्या किडीलाही त्याची ऊब मिळते.

याहून गंभीर बाब आहे ती किडीच्या शत्रूंची. लाल कोळ्याला खाणारे भक्षक कोळी हिवाळ्यात अंड्याच्या रूपात नसतात. त्यांच्या पूर्ण वाढलेल्या माद्या सालीच्या भेगांत लपून बसतात, आणि फार कडक हिवाळ्यात त्या लाल कोळ्याच्या अंड्यांपेक्षा अधिक मरतात. म्हणजे कडाक्याची थंडी कधीकधी बागायतदाराच्या मित्रालाच आधी मारते.

अंडी मारण्याचं जे काम थंडीने केलं नाही, ते माणसाने फवारणीने केलं. इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात सफरचंदाच्या झाडांवर हिवाळ्यात डांबरापासून काढलेल्या तेलाची फवारणी सुरू झाली. माव्याची अंडी तिने मेली, बागायतदार खूश झाले. पण सालीवरचं शेवाळ, दगडफूल आणि त्यात आसरा घेणारे उपयोगी कीटकही गेले. लाल कोळ्याच्या अंड्यांवर या तेलाचा फारसा परिणाम होत नव्हता. तोवर नगण्य असलेला लाल कोळी त्यानंतर इंग्लंडच्या बागांतली मोठी डोकेदुखी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं आणि तोच प्रकार अनेक देशांत घडला. कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या केंटव्हिल केंद्रात ए. डी. पिकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकापासून याविरुद्ध आग्रह धरला: आधी मित्रकीटक वाचवा, मग फवारा. आज एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणून जे शिकवलं जातं, त्याच्या आरंभीच्या पायऱ्यांपैकी ही एक.

अंड्याचा कच्चा दुवा मग कोणता? तो वसंताच्या तोंडावर सापडतो. सफरचंदाच्या झाडाला फुलण्याआधी ठराविक तास थंडी मिळावी लागते. हिमाचलचे बागायतदार ‘चिलिंग अवर्स’चा हिशेब करतात तो यासाठीच. लाल कोळ्याच्या अंड्यालाही तशीच थंडी लागते. ती पुरेशी मिळाल्याशिवाय जानेवारीत चार उबदार दिवस आले, तरी अंडं हलत नाही. थंडीचा कोटा एकदा पूर्ण झाला, की मात्र ते फक्त उबेची वाट पाहतं. भ्रूण वाढू लागतो, साठवलेलं ग्लिसरॉल खर्ची पडतं, श्वासोच्छ्वास वाढतो. हिवाळाभर जवळजवळ श्वासाविना राहिलेल्या अंड्याला आता कवचातून प्राणवायू घ्यावाच लागतो.

फळबागेसाठी बनवलेल्या खनिज तेलाची फवारणी याच वेळी परिणाम करते. तेलाचा पातळ थर कवचावर बसतो आणि आतला जीव गुदमरतो. हे विष नसल्यामुळे किडीत त्याविरुद्ध सहज प्रतिकारशक्ती येत नाही. ऐन हिवाळ्यात तेच तेल मारलं तर परिणाम कमी, कारण तेव्हा अंड्याला हवेची गरजच कमी असते. म्हणून हिमाचलमध्ये डोळा फुटून हिरवं टोक अर्धा इंच बाहेर आलं, की २०० लिटरच्या ड्रमात चार लिटर तेल घालून फवारणी करतात. फवारणीच्या आगेमागे दहिवर पडण्याची शक्यता नको, आणि गंधकयुक्त औषध त्याच्या जवळपास नको, नाहीतर कोवळी पालवी करपते. फवारा डहाळीच्या खालच्या अंगापर्यंत पोहोचायला हवा, कारण अंडी तिथेच दाट असतात. वरवर भिजवलेलं झाड तेल वाया घालवतं.

अंडं नेमकं कधी फुटणार, हा प्रश्न किडीसाठीही जीवनमरणाचा असतो. ‘विंटर मॉथ’ नावाचा युरोपातला पतंग ओकप्रमाणेच सफरचंदावरही जगतो. त्याच्या मादीला उडता येत नाही. ती थंडी सुरू होताना खोडावरून चालत वर चढते, म्हणून तिथले बागायतदार गेल्या शतकाच्याही आधीपासून खोडाला चिकट पट्टे बांधत आले आहेत. त्याची अळी पालवीआधी बाहेर आली तर काही दिवसांत उपाशी मरते. उशिरा आली तर पानं जून झालेली असतात, त्यांतलं टॅनिन तिला पचत नाही. नेदरलँड्समध्ये मार्सेल व्हिसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वर्षानुवर्षं मोजलं. वसंत लवकर तापू लागल्यावर अंडी ओकच्या पालवीच्या कितीतरी आधी फुटू लागली आणि अळ्यांची उपासमार झाली. पण २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं, की ही चूक दुरुस्त होते आहे. उशिरा फुटणारी अंडी अधिक वाचली, त्यांची संतती वाढली आणि थोड्याच पिढ्यांत फुटण्याची वेळ काही दिवसांनी पुढे सरकली. तीही पालवीच्या वेळेशी जुळती, आणि आनुवंशिक.

हिमाचलमध्ये सफरचंदाच्या बागा आता उंच उंच सरकत आहेत, किन्नौर आणि लाहौल-स्पितीपर्यंत, कारण खालच्या भागात थंडीचे तास कमी पडू लागले. झाडांबरोबर डहाळ्यांवरची अंडीही वर जातात. रोपं, कलमाच्या काड्या, लाकडी पेट्या हे त्यांचं वाहन. नवीन बाग लावणाऱ्याने कलमं आणताना काड्या भिंगाखाली पाहून घेतल्या, तर पुढची कित्येक वर्षांची फवारणी वाचू शकते. बागा अशा वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळेच फवारणीच्या वेळापत्रकात तारीख नसते. तिथे ‘सिल्व्हर टिप’, ‘अर्धा इंच हिरवं’, ‘गुलाबी कळी’ अशा डोळ्याच्या अवस्था लिहिलेल्या असतात. एकाच तारखेला कोटगढला कळी गुलाबी झालेली असते आणि वर किन्नौरमध्ये डोळाही फुटलेला नसतो. अंडीही त्या त्या झाडाच्या डोळ्याबरोबरच जागी होतात, त्यामुळे बागायतदाराला मार्चपासून रोज सकाळी आपल्याच बागेतला डोळा पाहावा लागतो.